पेशींवर जीव असलेल्या मावशी

कॅन्सरचं नाव निघाल्यावर चेहरा पडण्याऐवजी जिचे डोळे चमकतात, अशी व्यक्ती साऱ्या जर्मनीत एकच असावी, आणि ती नेमकी माझ्या बायकोची मावशी आहे. हायडेलबर्गच्या एका रुग्णालयात त्या पॅथॉलॉजिस्ट आहेत. शरीरातून काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा आणि गाठ साधी की वाईट, वाईट असली तर कोणत्या जातीची, ते सांगायचं, हे त्यांचं काम. जवळच्याच वाल्डॉर्फ गावी आमच्याकडे गणपतीत जेवायला आल्या होत्या, तेव्हा कुणीतरी हळहळत सांगितलं की पुण्यातल्या काकांना कॅन्सर झालाय. मावशींनी भात कालवता कालवता विचारलं, "कुठला?" फुप्फुसाचा, असं उत्तर आलं. "आल्झो," जर्मनमधलं 'हं, तर' त्यांच्या तोंडात बसलंय, "तो अवयव झाला. कॅन्सर कुठला?" मग एकाच फुप्फुसात किती तऱ्हेचे कॅन्सर होतात, एखादा कसा वर्षानुवर्षं सुस्त पडून राहतो आणि दुसऱ्याला कसा दम निघत नाही, हे सगळ्या पंगतीने ऐकलं. त्या दिवशी श्रीखंड बरंच उरलं. ट्राममध्ये एकदा तिकीट तपासनिसाच्या मानेवरचा तीळ त्यांना पसंत पडला नाही. त्याने तिकीट मागितलं, यांनी त्याला त्वचेच्या डॉक्टरांकडे जायला सांगितलं. बिचारा बाकीची तिकिटं न बघताच उतरून गेला.

गेल्या हिवाळ्यात माझ्या बायकोच्या, सायलीच्या, स्तनात गाठ हाताला लागली. तपासणीसाठी काढलेला तुकडा मावशींच्याच विभागात गेला. मी त्यांना फोन करून विचारत राहिलो, हिचं वय काय, हिने असं केलं तरी काय?

"तिने काहीही केलेलं नाही," मावशी म्हणाल्या. "पेशी विभागताना स्वतःची नक्कल काढते. कधी चूक होते. बहुतेकदा शरीर ती दुरुस्त करतं, नाहीतर ती पेशीच संपवतं. अशा कितीतरी चुका एकाच पेशीच्या वंशात साचत जातात, तेव्हा कुठे ती थांबायचं विसरते. जन्मभर आत एवढी नक्कल चाललेली असते, आणि तरी आपण रोज धडधाकट उठतो. मला त्याचंच नवल वाटतं रे."

निकालाच्या दिवशी मावशी आमच्याबरोबर आल्या. डॉक्टर म्हणाले, कॅन्सर आहे, पण हळू वाढणारा, हार्मोनवर पोसणारा, आणि अजून लहान. बाहेर आल्यावर मी मावशींचे आभार मानू लागलो. त्यांनी मला थांबवलं. "तिच्या तुकड्याची काच मी बघितलीच नाही. सहकाऱ्याला दिली. माझ्याने बघवलं नसतं."

ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं. आता सायली रोज एक गोळी घेते आणि पूर्वीसारखी माझ्यावर चिडते. वसंतात ती मावशींना म्हणाली, मला माझी गाठ बघायचीय. मावशी आम्हाला आपल्या खोलीत घेऊन गेल्या. सूक्ष्मदर्शकात गुलाबी-जांभळी नक्षी होती. एका बाजूला निरोगी पेशींची नेटकी वर्तुळं आणि त्यांना खेटून ती वेडीवाकडी दाटी. सायली खूप वेळ बघत होती. "सुंदर आहे गं, मावशी," ती हळूच म्हणाली आणि बाजूला झाली.

मग मावशी बसल्या. डोळा लावून कितीतरी वेळ बघत राहिल्या. ती गाठ त्या पहिल्यांदाच बघत होत्या. आम्ही दोघं त्यांच्या बोलण्याची वाट बघत थांबलो. त्यांनी मान वर केली आणि सायलीला जवळ ओढलं.