बाळंतिणीची बाज

लढाईच्या दिवसांतली गोष्ट. बायको जाऊन वर्ष झालं होतं आणि एकुलती एक लेक जऊळका गावी दिली होती. मालेगावजवळच्या मळ्यात उरलो मी, दोन बैल आणि वांगी-मिरचीचे वाफे. बाजाराच्या दिवशी चार माणसांशी तोंड उघडायचं, तेवढंच बोलणं. बाकीचे सहा दिवस मी बैलांना शिव्या द्यायचो, आणि तेही कान हलवून गप्प बसायचे.

लेकीला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा मी मळ्यात एकटाच मोठ्यानं हसलो. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज. म्हणजे सातव्या महिन्यात पोरगी येणार आणि बाळ सव्वा महिन्याचं होईस्तोवर राहणार. तीन-चार महिने घरात माणसाचा आवाज! पण तिच्या सासूचा, म्हणजे माझ्या विहिणीचा निरोप आला, "घरात बाईमानूस नाही. पोरीले कोनाच्या भरवशावर धाडू? मी सोता येऊन पाहीन, मंग ठरवू." म्हटलं, पाहू दे की! असं करून ठेवतो की बोलायला जागाच राहणार नाही.

गोठ्यात बायकोच्या माहेरची सागवानी बाज पडली होती. तिच्यावर कोंबड्या बसायच्या, सुतळी उंदरांनी कुरतडलेली. ती मी अंगणात ओढली. आधी फुटक्या बाटलीच्या काचेनं वरची घाण खरवडली. मग काचकागद आणला. लढाईमुळे तोही मुश्किलीनं मिळाला. लाकडाच्या रेषेला आडवं घासलं की ओरखडे उठतात, हे दोन दिवस घासून झाल्यावर समजलं. सांगणार कोण? पुन्हा पहिल्यापासून लागलो. पोरीच्या पाठीला सुतळी रुतायला नको म्हणून ती कापून फेकली आणि मळ्यातल्या खोपटाचं जुनं दार मोडून त्याच्या फळ्या बाजेला ठोकल्या. त्याही घासल्या. जवसाचं तेल कढवून तळहातानं जिरवलं, चार दिवस वाळू दिलं, पुन्हा लावलं. एकदा ओल्या तेलावर कोंबडी बसली आणि पिसं चिकटली. त्या कोंबडीला मी मळाभर पळवलं.

घासताना मी बोलत असायचो. पोरगी आली की काय काय सांगायचं, त्याची तालीमच म्हणा ना. रस्त्यानं जाणारे थांबून पाहायचे. पाहोत बापडे.

विहीण बैलबंडीतून आली. तिनं चूल पाहिली, पाण्याचे गुंड पाहिले, मी सांगून ठेवलेल्या सुईणीशी बोलली. मान डोलवत होती आणि मी तिच्या मागे मागे फिरत होतो. मग बाजेवरून हात फिरवला.

"बाप्पा! इवाई, आरशावानी करून ठेवली!"

मी फुगलो. तेवढ्यात ती वाकली आणि तिनं बाजेखाली पाहिलं. "अन् शेक कुठून लागन?"

"कायचा शेक?"

"बाळंतिनीच्या बाजेखाली निखाऱ्याची शेगडी ठेवतेत. सुतळीतून ऊब वर येते, ओव्याचा धूर येते. या फळ्यातून काय येईन, कपाय?"

माझी लेक याच बाजेवर जन्मली होती. पण तेव्हा त्या खोलीकडे पुरुषमाणसाला कोण फिरकू देत होतं? ओव्याचा वास घरभर यायचा. तो कुठून येतो, हे मी कधी विचारलंच नव्हतं. "काढतो ना, आत्ताच काढतो," म्हणत मी हातोडी शोधायला लागलो.

"राहू द्या, इवाई. फळ्या निंगतीन. पन अशा धा गोष्टी राह्यतीन, अन् तुमाले सांगाले घरात कोनी नाही. पोरगी आमच्याकडंच बाळंत होईन."

रागावून म्हणाली असती तर मी भांडलो असतो. मायेनं बोलली, मग भांडायचं तरी कशावरून, डोंबल? तिची बंडी गेल्यावर मी फळ्या उपसल्या आणि अंगणात फेकून दिल्या. दोन दिवस चूल पेटवली नाही. तिसऱ्या दिवशी सुतळी आणून बाज विणली आणि बंडीत घालून लेकीच्या दारात नेऊन ठेवली. माझ्या घरी नाही तर नाही, माझ्या बाजेवर तरी बाळंत होऊ दे.

बाज गेल्यावर घासायलाही काही उरलं नाही. त्या दिवसांत मी बैलांशीसुद्धा बोललो नाही. अंगणाकडे पाहिलं की रडू यायचं, आणि कोणी पाहायला नव्हतं म्हणून मी ते येऊ द्यायचो.

नात झाल्याचा निरोप आला तसा निघालो. बाळंतिणीच्या खोलीत मला कसं जाऊ देतील? दाराशी उभं राहून आवाज दिला. आत ओव्याचा धूर दाटला होता, बाजेचा एक पाय तेवढा दिसत होता. आतून लेक म्हणाली, "बाबा, लई वाळले तुमी." इतक्या दिवसांची तालीम, आणि एक शब्द आठवेल तर शपथ.

लेकीला मूल होईस्तोवर बापानं तिच्या घरचं अन्न खाऊ नये, असं आमच्यात पाळतात. आजवर मी तिथून उपाशीच परतलो होतो. त्या दिवशी विहिणीनं पाट मांडला. "आता तुमचं बंधन सुटलं. बसा." भाकर होती, वरण होतं. पहिली भाकर संपत आली तशी ती म्हणाली, "घ्या आनखी, इवाई. लाजता काहून?"

बायको गेल्यापासून मला कोणी 'आणखी घ्या' म्हटलं नव्हतं. भूक भागली होती, तरी मी घेतली. तिनं पुन्हा विचारलं, मी पुन्हा घेतली. आतून लेक हसली, "बाबा, पोट दुखन!" पोट दुखायला लागलंच होतं. पण पुरे म्हटलं की ती विचारायचं थांबेल, म्हणून मी ताट पुढे केलं.