थाळी दिसेनाशी होईपर्यंत

थाळीकाकूला तिच्या खऱ्या नावानं हाक मारणारा एकच माणूस, तिचा नवरा, आणि तोही भांडण झालं तरच. बाकी सगळ्या बंदराला ती थाळीकाकू. नवख्याला वाटतं, बाई खानावळ चालवत असणार. जेवायच्या आशेनं दोघंतिघं तिच्या दारात जाऊन आलेही आहेत. त्यांना पत्ता कोणी दिला ते विचारू नका.

तिची थाळी जेवायची नव्हे. धक्क्याच्या टोकाला समुद्रावर लक्ष ठेवणारं एक छोटं केंद्र आहे, तिथं ती नोकरीला. पत्र्याची गोल थाळी, दोन पाव भाग पांढरे, दोन काळे, मधोमध गाठी मारलेली दोरी. भर दुपारी, धक्क्याच्या सावलीच्या बाजूनं ती पाण्यात सोडायची आणि टक लावून बघत राहायचं. दिसेनाशी झाली की "गेली!" म्हणायचं आणि किती गाठी बुडाल्या ते सांगायचं. पाणी हिरवं, दाट असेल तर थाळी लवकर जाते. नितळ असेल तर खोलवर दिसत राहते.

केंद्राचा एक नियम मात्र कडक. बघणारे डोळे तेच हवेत. आज हिचे, उद्या त्याचे, असं चालत नाही, कारण माणूस बदलला की आकडा बदलतो. त्यामुळे काकू तापानं फणफणली तरी थाळी तीच सोडणार. तिची नणंद म्हणायची, "वहिनी, तुझे डोळे केंद्राचे, पाय धक्क्याचे. माझ्या भावाच्या वाट्याला काय, नुसती जीभ?"

भाऊ म्हणजे लंबू. चांगला बुटका माणूस, म्हणून लंबू. मासेमारीच्या बोटीवर कामाला. या नवराबायकोचं भांडण ऐकायला आम्ही शेजारी खिडक्या उघड्या ठेवायचो, थंडीतसुद्धा. ती म्हणाली वारा सुटलाय, की हा म्हणणार पडलाय. सगळ्या संसारात या माणसानं तिच्या एका वाक्याला पहिल्या झटक्यात हो म्हटल्याचं कोणी ऐकलेलं नाही. आणि कान माझे काही कमी तयार नाहीत.

तेव्हा दिवसही तसे होते. वर्षातले काही महिने वारा किनाऱ्याजवळचं वरचं पाणी बाहेर लोटायचा आणि त्याच्या जागी तळाचं गार पाणी वर यायचं. तळाला काय असतं? समुद्रात जे जे मेलं, कुजलं, ते सगळं खाली जाऊन साठलेलं. खतच म्हणा ना. ते उन्हात आलं की पाण्यात डोळ्यांना न दिसणारं रान माजायचं, ते खायला बारीकसारीक जीव, आणि त्यांच्यामागे मासळी. समुद्र हिरवा, वास उग्र. पाहुणे नाक दाबून पळायचे आणि आम्ही खूश. थाळी दुसऱ्या गाठीलाच गडप व्हायची. लंबूची बोट पहाटे जाऊन संध्याकाळी परत.

"उशीर केलास."

"मी वेळेवर आलोय. सूर्यच आज लवकर गेला."

असं भांडत भांडत दोघं घरी जायची, एका पिशवीचे दोन बंद दोघांच्या हातात.

मग पाणी बिनसलं. केंद्रातल्या मॅडमनी एकदा चहा पिता पिता मला समजावलं, "आजोबा, वरचं पाणी आता फार तापतं. तापलेलं पाणी हलकं, ते झाकणासारखं वर बसून राहतं. वारा ढकलतो, पण झाकण निघत नाही. खालचं खत खालीच." हिरवे दिवस आधी उशिरा येऊ लागले, मग चारच दिवस येऊ लागले, मग येईनातच. समुद्र असा निळाशार, की लांबून लोक फोटो काढायला यायचे. "काय स्वच्छ पाणी आहे!" म्हणायचे. काकू दोरी गुंडाळत म्हणायची, "रिकामं ताटही स्वच्छच दिसतं."

मासळी गेली, तिच्यामागे बोटी गेल्या. लंबूला दूर, थंड समुद्रातल्या एका मोठ्या बोटीवर काम मिळालं. वर्षातून एकदा घरी, तेही पाहुण्यासारखं. निघताना म्हणाला, "पाणी हिरवं झालं की कळव. त्या दिवशी तिथलं काम सोडतो आणि येतो. कायमचा."

"आणि नाहीच झालं तर?"

"तू रोखून बघतेस ना? होईल. तुझ्या नजरेला मी घाबरतो, तिथं समुद्र काय चीज आहे!"

तेव्हापासून थाळी सोडायचा दिवस म्हणजे त्याच्या फोनचा दिवस. संध्याकाळी फोन वाजायचा आणि त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "कितव्या गाठीला गेली?" आठव्या. नवव्या. घरी जाताना पिशवी ती एका हातात धरायची आणि दुसरा बंद लोंबत ठेवायची. मी पाहिलंय.

आणि मग थाळी लवकर जायला लागली. सातव्या, सहाव्या, पाचव्या गाठीला. पाण्यावर हिरवी झाक दिसते म्हणाली. मला तर निळंच दिसत होतं, पण माझा चष्मा आमच्या थोरल्या भावाचा, त्याच्या माघारी माझ्याकडे आलेला. मी म्हटलं, दोष चष्म्याचा. बाकीचेही म्हणाले, केंद्राचे डोळे तेच, त्यांच्याशी वाद कोण घालणार? मॅडम बाहेरगावी होत्या, आणि तपासायला पाठवलेल्या पाण्याच्या बाटल्या शहरातल्या प्रयोगशाळेत रांगेत पडून होत्या.

तिसऱ्या गाठीला थाळी गेली त्या संध्याकाळी काकू फोनवर ओरडलीच, "गेली रे! हिरवं झालंय! ये!"

लंबू आला. काम सोडून, पेटी घेऊन. दुसऱ्याच दिवशी दुपारी दोघं धक्क्यावर उभी. तिनं थाळी सोडली.

"गेली!"

"कुठं गेली? समोर तर आहे."

"झाली सुरुवात. येऊन एक दिवस नाही झाला."

"अगं, काळं-पांढरं वेगवेगळं दिसतंय मला."

"मग डोळे तपासून घे. तिकडच्या थंडीनं गोठलेत."

लंबू हसला, वाकला, पुन्हा बघितलं. मग पाण्याकडे बघायचं सोडून तिच्याकडे बघितलं. ऊन तिच्या तोंडावर होतं. दोन्ही बाहुल्यांवर पिवळट दुधी पडदा. तो सावकाश सरळ झाला.

"हो," म्हणाला. "गेली."

काकूच्या हातातली दोरी तशीच राहिली. "काय म्हणालास?"

"गेली म्हटलं. तिसऱ्या गाठीला."

"अरे, तू हो म्हणालास." ती धक्क्याच्या कठड्यावर बसली. मग विचारलं, "निळंच आहे का रे?"

"निळंशार," लंबू म्हणाला.

मॅडम आल्या त्या दिवशी काकूनं स्वतःच जाऊन सांगितलं, या महिन्यांचे माझे आकडे धरू नका. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू पिकला की सगळं पिवळट, धूसर दिसतं, मग निळंही हिरवं वाटतं आणि थाळीही लवकर जाते. तेच डोळे हवेत म्हणून सगळे अडून बसलेले, पण तेच डोळे तसेच राहत नाहीत हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

शस्त्रक्रिया झाली, डोळ्यांत औषध घालायचं काम लंबूकडे आलं. ते दिवस आम्हा शेजाऱ्यांचे फार सुखाचे गेले.

"थेंब गालावर पडला!"

"गाल मध्ये कशाला आणलास?"

खिडक्या सताड उघड्या होत्या. काकू रागावल्यासारखी ओरडायची, पण दोन थेंबांचं काम अर्धा तास चालायचं.

पट्टी निघाल्यावर तिनं पुन्हा थाळी सोडली, शेजारी मॅडम पडताळून बघायला. थाळी खाली गेली, आणखी खाली गेली, स्वच्छ दिसत राहिली. नव्या डोळ्यांना असा निळा रंग तिनं कधी पाहिलाच नव्हता. "किती सुंदर आहे गं बाई," म्हणाली, आणि पदरानं डोळे दाबले. डॉक्टरनं नको म्हटलं होतं तरी.

लंबूनं थंड समुद्रातल्या त्या मोठ्या बोटीवर पुन्हा विचारलं. जागा होती. तो निघाला त्या सकाळी बंदराच्या फाटकापर्यंत दोघं पेटीची एकेक कडी धरून गेली.

आता पुन्हा संध्याकाळी फोन वाजतो. माझी खिडकी उघडीच असते.

"गेली का?"

"नाही रे. दिसतेय अजून."

"नीट बघितलंस?"

"नवे डोळे आहेत माझे."

"म्हणूनच विचारतो. जुनेच बरे होते."

"हो," काकू म्हणते. पहिल्या झटक्यात.