खतीजाबीने काढून घेतलेला पंप

खतीजाबीचा राग आखाडा बाळापुरात कुणाला ठाऊक नाही असं नाही. बाई तशी गोड. दुकानात आलेल्याला आधी पाणी, मग "बोला, काय दुखून राहिलंय ट्रॅक्टरला?" पण एकदा मनात धरलं की धरलं. आपण माणसं माफ करतो ती बहुतेक विसरल्यामुळं. तिची स्मरणशक्ती चांगली, त्याला ती तरी काय करणार?

नांदेड रस्त्यावरचं ते डिझेल पंप दुरुस्तीचं दुकान मुळात तिच्या नवऱ्याचं, नासेर मिस्त्रीचं. पंधरा वर्षं ती त्याच्या शेजारी बसून, पंपातून किती डिझेल पडतं ते मोजणाऱ्या काचेच्या नळ्यांवरच्या रेघा वाचायची, कारण त्याला जवळचं दिसत नसे. तो गेला. तिची इद्दत, म्हणजे विधवेनं घरात बसायचे चार महिने दहा दिवस, संपली आणि दुसऱ्याच दिवशी बाईनं शटर वर केलं.

डॉक्टरांच्या मते नासेर हृदयविकारानं गेला. खतीजाबीच्या मते त्याला विश्वंभरनं मारलं.

विश्वंभर म्हणजे कळमनुरीच्या व्यंकटरावांचा मुलगा, हौशी माणूस. वडलांच्या जुन्या अँबेसडरला त्यानं पुण्याहून सुपरचार्जर आणून बसवला. हे यंत्र इंजिनात जोरानं हवा कोंबतं. इंजिन नासेरनं बांधून दिलं आणि बजावलं, "हवा वाढली, पेट्रोल तेवढंच येऊन राहिलं. पंप अन् नळी बदलल्याबिगर पळवू नका, पिस्टन जळंल." दुसऱ्याच दिवशी साहेबांनी मित्र भरून गाडी नांदेडपर्यंत पिटाळली. पिस्टनला भोक पडलं.

आता वडलांना काय सांगणार? त्याच आठवड्यात, बाजाराच्या दिवशी, विश्वंभरच्या ट्रॅक्टर शोरूमचं उद्घाटन होतं. भोंगा लागलेलाच होता. त्यावरून त्यानं सांगून टाकलं, की नासेर मिस्त्रीनं आमचं इंजिन खाल्लं, आपापले ट्रॅक्टर सांभाळा. निम्मा तालुका बाजारात होता.

पुढची दोन वर्षं नासेर दुकानात माशा मारत बसला. ओळखीचे लोक दुसरीकडं तोंड करून जाऊ लागले. शेवटी शेवटी तर तो आपले हात उलटेपालटे करून बघायचा आणि विचारायचा, "खतीजा, मेरेच हात से तो नै हुआ?" ती नाही म्हणायची. त्याचा विश्वास बसायचा नाही.

आणि यंदा तीच अँबेसडर टेम्पोवर लादून विश्वंभर बाळापुरात हजर झाला. मधल्या काळात त्या गाडीनं आणखी दोन पिस्टन जाळले होते. संभाजीनगरला जुन्या गाड्यांचा मेळा भरणार होता, व्यंकटरावांना त्यात मिरवायचं होतं, आणि नांदेडच्या मिस्त्रीनं हात टेकले होते.

"चाची, मागचं विसरा," विश्वंभर म्हणाला.

"गाडी आत घ्या," खतीजाबी म्हणाली. तिला आनंद झाला होता, तोही असा की ईदला झाला नसेल. सावज पायानं चालत आलं होतं.

इंजिन पुन्हा बांधून झालं. मग तिनं आधी जुन्याच नळीवर पेट्रोलचा दाब दाखवणारं घड्याळ जोडलं. ते पुढच्या काचेला बाहेरून चिकटवलं, म्हणजे पेट्रोलची नळी गाडीच्या आत येत नाही. विश्वंभरला गाडी चालवायला लावली आणि स्वतः शेजारी बसली. "जरासं दाबा. काटा वाचा."

"तीन. दोन. एक."

"पाय उचला. पेट्रोल कमी पडून राहिलं, हितंच जळतं."

मग पाच दिवस ती गाडीखाली होती. टाकीजवळ विजेवरचा मोठा पंप बसवला, करंगळीएवढी जाड नळी पुढं नेली, हवेबरोबर पेट्रोलचाही दाब वाढवणारा रेग्युलेटर लावला, इंजिनात पेट्रोल सोडणारे कार्बोरेटरचे जेट बदलले. नळी आवळणारी एखादी पट्टी सैल ठेवावी असं तिच्या मनात आलं, खोटं कशाला बोला. पण मग लोक म्हणाले असते, बघा, या घराचं कामच तसलं. तिनं प्रत्येक पट्टी दोनदा आवळली.

सहाव्या दिवशी वारंगा फाट्यापर्यंत गाडी वाऱ्यासारखी गेली. काटा खाली आला नाही, हवेबरोबर वरच चढला. विश्वंभर लेकरासारखा हसत होता.

"मग चूक कोणाची व्हती?" तिनं विचारलं.

त्याचं हसू गेलं. "माझीच, चाची. पाया पडतो तुमच्या."

"हितं काहून पडता? जिथं बोलला तिथं बोला. बाजारात, भोंग्यावरून."

"इज्जतीचा सवाल हाय. न्हाई जमणार."

ती भांडली नाही. दुकानात येताच पाना घेतला आणि पंप, नळी, रेग्युलेटर, जेट सगळं काढून घेतलं. जुनं सामान होतं तसं बसवलं. "जुन्या पंपावरच न्या. बाजारात बोलला की हा लावून देते. तवर चाळीसच्या वर नका नेऊ, पिस्टन जळंल."

पंप लावलेली गाडी एकदा चालवलेल्याला चाळीसनं जाणं किती जड जातं, हे तिला पुरतं ठाऊक होतं. कळमनुरीपर्यंत त्याला ऊस भरलेल्या ट्रॅक्टरांनी मागं टाकलं, असं ऐकून ती त्या दिवशी दोन घास जास्त जेवली.

पुढच्या बाजाराला शोरूमपुढं भोंगा लागला. व्यंकटराव खुर्चीवर बसले होते. खतीजाबी मिरच्यांच्या ढिगाशी उभी होती. विश्वंभर खाली बघत बोलला, "नासेर मिस्त्रीनं मला आधीच सांगितलं व्हतं. मी ऐकलं न्हाई. इंजिन मी जाळलं अन् खोटं बोललो." लोकांनी टाळ्या वाजवल्या. लोक कशालाही वाजवतात.

तो गर्दीतून तिच्यापाशी आला. "चाची, बोललो. आता माफ केलं म्हणा."

"म्हणून टाका, खतीजाबी," मिरच्यावाली जिवनबाई म्हणाली.

"उद्या गाडी आणा, पंप लावून देते. तेवढं ठरलं व्हतं," खतीजाबी म्हणाली. "माफीचं त्याला विचारा. तो सोताच्या हाताला दोष देत मेला, विश्वंभरराव. तुमी आज जे बोलला ते ऐकायला दोन वर्सं रोज दुकानात बसून व्हता."