छत्रीवाल्याची चाल

मुसाला आपण कितीसं ओळखत होतो, असं आप्पा स्वतःला विचारत, तेव्हा उत्तर जेमतेमच येई. रत्नागिरीच्या मांडवीला दोघांची घरं शेजारी, संध्याकाळचा बाक एक. पण तो कुठली बंदरं हिंडला हे आप्पांना सांगता आलं नसतं. कुवेतला गेला तो गेलाच. त्याची एक चाल मात्र आप्पांच्या हातात राहिली.

मुसा जहाजावर स्वयंपाकी होता. फ्रान्सच्या एका बंदरातून त्याने पियानोची कॅसेट आणली होती. ते संगीत रचणारा माणूस म्हणे भलताच विक्षिप्त. घरात ढीगभर छत्र्या, पण भिजतील म्हणून पावसात उघडायचा नाही. रत्नागिरीत असता तर चार महिने घरातच बसला असता, असं आप्पांचं मत. दुपारी जेवून मुसा ती कॅसेट लावी आणि आरामखुर्चीत डोळे मिटी.

शहाऐंशीच्या मे महिन्यात टेपरेकॉर्डरने फीत खाल्ली. मुसाच्या बायकोने, हफीजाभाभींनी, तो गुंता वाया जाऊ दिला नाही. अंगणात सुकत घातलेल्या मासळीवर ताणून बांधला. फीत फडफडली की कावळे पळत.

"आमच्या छत्रीवाल्या साहेबाला शेवटी नोकरी लागली," मुसा म्हणाला. पण तो मनातून हिरमुसला होता. लवकरच तो कुवेतला मुलाकडे कायमचा जाणार होता आणि जाण्याआधी त्याला ती चाल एकदा ऐकायची होती. कॅसेटवरचं नाव कधीच पुसलेलं. दुसरी मागणार तरी काय म्हणून?

आप्पा भजनात पेटी वाजवत. चाल कानात होतीच. ते पेटी घेऊन मुसाच्या पडवीत बसले. सुरुवात बरी झाली, पण हाताला भजनाची सवय; लय चढत गेली, आणि शेवटी फक्त झांजांचीच उणीव होती.

मुसाने डोळे उघडले. "आप्पा, कुठं पोचायचंय तुला? नांगर टाकलेली बोट बघ. हलते, पण जात नाही."

रोज दुपारी उन्हाची छत्री घेऊन आप्पा येत आणि रोज हात पळत सुटत. फीत सोडते आता, कावळ्यांना तुमची पेटी पुरे, असं भाभी मासळी उलटताना म्हणत.

निघायच्या आदल्या दुपारी आप्पांनी बोटांकडे बघितलंच नाही. मुसाची छाती वर-खाली होत होती, तिच्याबरोबर भाता हलवत राहिले. चाल कुठेच पोचली नाही. मुसाची मान कलली, तो घोरू लागला. अशी दाद आप्पांना भजनात कधी मिळाली नव्हती. पेटी उचलून ते पाय न वाजवता उतरले. फाटकाशी मागून मुसाचा आवाज आला.

"आप्पा, छत्री राहिली तुझी."

"राहू दे. उन्हं उतरलीत."