आतोबांचा दरवान

देवासात सूर्य उगवतो तोसुद्धा आमच्या आतोबांनी खिडकीतून ओळख पटवून घेतल्यावरच, अशी माझी लहानपणापासूनची खात्री आहे. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. सारी नोकरी त्यांनी कारखान्यात विजेच्या देखभालीवर काढली, आणि चालू तारेला बेधडक 'बंद आहे' म्हणणारी माणसं पाहून त्यांचा माणसाच्या शब्दावरचा विश्वास कायमचा उडाला. शेवेच्या दुकानात ते आधी कढई पाहतात, मग दुकानदाराचे डोळे पाहतात, आणि मग शेव न घेता परत येतात. गॅसचं सिलिंडर घरच्या काट्यावर पुन्हा तोलतात. त्याआधी तो काटा शेजाऱ्याच्या काट्याशी ताडून घेतात. घरच्या चहालाही आधी दुधाचा वास घेतात, मग तोंड लावतात. दारात कोण उभं आहे हे जाळीतून स्वच्छ दिसत असलं तरी "कोण?" विचारल्याशिवाय कडी निघत नाही. एकदा मी वैतागून म्हटलं, "आतोबा, दिसतेय ना मी!" आतून आवाज आला, "दिसायला काय, सगळेच दिसतात, पोरी."

मी धारची. आमच्या घरात खेळण्यांपेक्षा चळवळीची पत्रकं जास्त होती, त्यामुळे 'जागे व्हा' हे शब्द मी बाराखडीच्या आधी ओळखायला लागले. आमच्याच जिल्ह्यातल्या गंधवानीत आम्ही चार मैत्रिणींनी मुलींसाठी अभ्यासिका काढली, तेव्हा एका संस्थेनं खोली दिली आणि एका कचेरीनं मोडीत काढलेले सहा संगणक. मुलींना भरतीचे फॉर्म भरायचे होते, जुन्या प्रश्नपत्रिका पाहायच्या होत्या, आणि घरी ज्याबद्दल तोंड उघडायची सोय नाही असंही पुष्कळ काही शोधायचं होतं. कोण काय शोधते हे त्या खोलीबाहेर फुटलं असतं, तर दुसऱ्याच दिवशी त्यांचं येणं बंद झालं असतं. म्हणून मी आतोबांना विचारलं, की इंटरनेट आत येतं तिथे काही पहारा बसवता येईल का? 'पहारा' हा शब्द ऐकताच म्हातारा असा खुलला, की आत्या म्हणाली, "लग्नातही यांचा चेहरा असा नव्हता हो!"

सहांतला सर्वांत म्हातारा संगणक दरवान म्हणून नेमायचा, आणि त्यावर लिनक्स या संगणकप्रणालीची अशी हलकी आवृत्ती चढवायची, की जी फक्त आत-बाहेर काय जातं यावर नजर ठेवील. अशा आवृत्त्या ढिगानं मिळतात, त्याही फुकट. 'फुकट' म्हटल्यावर आतोबांचा संशय बळावला. मग त्यांनी मुलीसाठी स्थळं पाहावीत तशी एकेकीची चौकशी आरंभली. घराणं कोणाचं, घरात अजून दिवा लागतो का, म्हणजे शेवटची दुरुस्ती कधी झाली, आणि खाते किती, म्हणजे मेमरी किती लागते. एक फार देखणी होती, रंगीबेरंगी आलेख दाखवणारी. "अपने को नहीं जमेगी. रखवालदाराला आरसा कशाला?" दुसरी सर्वगुणसंपन्न, पण तिनं बत्तीस बिटांच्या, म्हणजे आमच्या दरवानासारख्या, जुन्या यंत्रांना नुकताच नकार कळवला होता. "आज त्या म्हाताऱ्याला टाकलं, उद्या मला टाकतील." तिसरीत काहीच खोट सापडेना, तेव्हा तर ते जास्तच सावध झाले आणि तिला सोडून दिलं. अखेर पसंत पडली ती एक काळ्या पडद्याची, अबोल, जिच्या माहितीपुस्तकात तिच्या स्वतःच्या चुका पहिल्याच पानावर लिहिल्या होत्या. "स्वतःचे दोष आधी सांगते," आतोबा म्हणाले. "हिच्याशी जमेल."

तालीम देवासच्या घरी झाली. दरवानाला दोन तारा जोडायच्या असतात, एक बाहेरच्या जगाची आणि एक घरातली. साऱ्या जगाची उलटतपासणी घेणाऱ्या आतोबांनी नेमक्या त्याच उलट्या जोडल्या. दोन दिवस आत्याच्या मोबाइलवर काही म्हणजे काही येईना. "चोर बाहेर मोकाट आणि मी घरात कोंडलेली!" ती कडाडली. चूक सापडल्यावर आतोबा शांतपणे म्हणाले, "भिंत पक्की आहे, एवढं तर सिद्ध झालं?"

मग ते यंत्र गोधडीत गुंडाळून, बसच्या टपावर न देता मांडीवर घेऊन ते माझ्याबरोबर गंधवानीला आले. सगळं जोडून झाल्यावर त्यांनी मुलींतल्या सर्वांत मोठीला बोलावलं, कळफलक तिच्यापुढे सरकवला आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"पासवर्ड डाल, बेटा. हो गया?"

"हो गया, काकाजी."

"हम दोनों को भी मत बताना."

दुपारी संस्थेचे सचिव आले. यंत्राभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "बढिया काम किया भिया. कौन लडकी क्या देखती है, उसकी लिस्ट तो निकलती होगी?"

"नहीं निकलती. बंद कर दी."

"तो चालू कर दो."

"पासवर्ड इनके पास है," आतोबांनी मुलींकडे हात केला.

"मतलब, हम पर भरोसा नहीं?"

"मुझे अपने पर नहीं है, भाईसाहब. आप तो फिर दूर के हुए."

सचिव "मीटिंग में देखेंगे" म्हणून तरातरा गेले. खोली काढून घ्यायचा ठराव खरोखरच आला. पण मुलींच्या आया बैठकीच्या दारात जाऊन बसल्या आणि तो मागे पडला. मेला मात्र नाही.

सचिव गेल्यावर मी फार जोशात होते. म्हटलं, "आतोबा, नावं नकोत, पण मुली काय शोधतात हे जरा कळलं असतं तर मी असा लेख लिहिला असता, की धार हादरलं असतं." तेव्हा त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेनं सचिवांकडेही पाहिलं नव्हतं. इतकी वर्षं दुसऱ्यांना जागं करत हिंडणारी मी, परतीच्या बसमध्ये धारपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिले.

परवा देवासला गेले होते, तेव्हा अभ्यासिकेतल्या त्या मोठ्या मुलीचा आतोबांना फोन आला. दरवान बंद पडला होता. तारा तपासून तिनं तो स्वतःच चालू केला होता. फक्त कळवायचं म्हणून फोन. मधल्या काळात पासवर्डही बदलला होता म्हणे. आतोबांनी एकही उलट प्रश्न विचारला नाही. "अच्छा किया बेटा," एवढंच म्हणाले. फोन बंद झाल्यावर आत्यानं ठेवलेला चहा त्यांनी, दुधाचा वास न घेताच, पिऊन टाकला.