खिंडीसाठी धरलेले सोमवार

मंडळी, माझा ट्रेक आज संपला, निघण्याआधीच.

पुढच्या महिन्यात हिमालयातली एक उंच खिंड ओलांडायची म्हणून मी सॅकमध्ये वजनाला सोयाबीन भरून रोज राजूर घाट चढते. आज निम्म्या चढावरच डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी रस्त्याकडेला बसले.

"सकाळी काय खाल्लं वं?" सोबतच्या रेखाने विचारलं.

"काहीच नाही. सोमवार आहे. ट्रेक पार पडावा म्हणून सोळा सोमवार धरलेत."

"महादेव पहाडातच राह्यते ना बाई? त्याले मालूम नाही का, चढ काय असते?"

मला हसू आलं नाही. दुपारी रक्त तपासलं, हिमोग्लोबिन फारच कमी निघालं. "रक्त आधीच कमी, त्यात हे उपवास. यंदा जाऊ नका," डॉक्टर म्हणाले.

शाळेआधी मला अक्षरं आईनेच शिकवली. धरलेलं मध्येच सोडायचं नाही, हेही तिनेच. संध्याकाळी ती माझा उपवास सोडायला ताट वाढत होती, तेव्हा विचारलं, "आता उरलेल्या सोमवारांचं काय करू?"

ताट माझ्यापुढे सरकवत ती म्हणाली, "मले नाही समजून राह्यलं, माय."

तिला उत्तर माहीत नाही, असं पहिल्यांदाच झालं. म्हणून तुम्हाला विचारते. ज्या खिंडीसाठी सोमवार धरले, ती तर त्यांच्यामुळेच गेली. उरलेले आता कशासाठी करू?