दर शनिवारी खोललेली बंदूक

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. फादरपुढे कुमसाराला गुडघे टेकायचो, बारीकसारीक पापं भराभर सांगून मोकळा व्हायचो, आणि ह्या एका जागी आलो की जीभ अडायची. बायकोलाही सांगितलं नाही. ती गेली बिचारी. मग तुम्हालाच का सांगतोय? मलाही नीट ठाऊक नाही. बसा जरा, एवढंच म्हणतो.

दुसरी मोठी लढाई संपून तीन-चार वर्षं झाली असतील. मी पापडी गावचा, वसईला उस्तादांच्या दुकानात लेथवर कामाला. पंप, इंजिनं, रहाटाचं लोखंडी सामान असली कामं आमच्याकडे यायची, आणि उस्तादांकडे परवाना होता म्हणून बंदुकाही. त्या पावसाळ्यात नंदाखालचे इनासनाना आपली रायफल घेऊन आले. जर्मन बनावटीची, बोल्ट ओढून भरायची. चीज सुंदर, पण लढाईपासून तिची काडतुसं मिळेनाशी झाली होती. नानांची केळीची वाडी नंदाखालला, पण भातशेती पार पूर्वेला, डोंगराखाली. तिथे रानडुकरं उतरायची. बिनकाडतुसाची बंदूक काय कामाची? उस्तादांनी उपाय सांगितला — मुंबईत ज्या मापाची काडतुसं मिळतात, त्या मापाची नवी नळी बसवू. नानांनी सरकारी परवानगी आणली, नळी मागवली, आणि काम माझ्याकडे आलं.

नानांची मुलगी कातरीन वसईला शाळेत शिकवायची. आई नव्हती तिला, घरात बापलेक दोघंच. शनिवारी शाळा सकाळची, म्हणून घरी जाताना ती दुकानात डोकवायची. "नानांनी विचारलंय, कुठवर आलं?" उंबऱ्याशी बाक होता, त्यावर छत्री मिटून बसायची. पाणी प्यायची. नंदाखालच्या मोटारीला वेळ असला की बोलायची — वर्गातल्या पोरांचं, वाडीतल्या विहिरीचं, काहीही. मी कानस चालवत ऐकायचो. मला वाटायचं, ती मोटार बंद पडावी.

मी तिला 'बाई' म्हणायचो. एकदा म्हणाली, "मी तुमची बाई नाही. कातरीन म्हणा." त्या दिवसापासून... पण ते राहू द्या.

काम नाजूक होतं. नळीचे आटे बसवायचे, मग काडतूस राहतं ते घर आतून थोडं थोडं कोरायचं. काडतूस आत गेलं की बोल्ट अलगद मिटला पाहिजे. तो सैल बसला तर बार मागे, नेम धरणाऱ्याच्या तोंडावर यायचा. मी जीव लावून केलं ते. घाई केली नाही, आणि तोवर खोटंही बोललो नव्हतो.

भाद्रपदात बंदूक पुरी झाली. उस्ताद आणि मी मिठागराच्या बांधावर जाऊन बार काढून आलो. एकही काडतूस अडकलं नाही. दुसऱ्या दिवशी उस्ताद मोतीबिंदू काढायला मुंबईला निघाले. जाताना म्हणाले, "इनासला निरोप धाड. भात तयार होतंय."

निरोप मी धाडला नाही.

कसं सांगू? ठरवून नाही केलं — निदान पहिल्यांदा तरी नाही. शनिवारी ती आली, छत्री मिटली, विचारलं, "झाली का?" आणि माझ्या तोंडून निघालं, "घर अजून घट्ट आहे. काडतूस अडकतंय." ती हसली, बाकावर बसली. झालं म्हटलं असतं तर बंदूक न्यायला नाना आले असते, आणि तो बाक मोकळा पडला असता. पुढच्या शनिवारी मी सकाळीच तयार बंदूक खोलली. बोल्ट वेगळा, दस्ता वेगळा, सगळं फळीवर पसरून ठेवलं. ती गेल्यावर पुन्हा जोडली. त्याच्या पुढच्या शनिवारीही तेच. हे मात्र ठरवून होतं.

मधे एकदा नाना स्वतः आले. उस्ताद अजून मुंबईलाच होते. मी त्यांनाही तेच सांगितलं. ते म्हणाले, "पोरा, भात भरत आलंय. डुकरं कोनासाठी थांबत नाय." रागावून नाही, समजावल्यासारखं. माझ्यामागे, कपाटात, बंदूक जोडलेली उभी होती.

आठवड्याभरात नाना भाला घेऊन शेतात राखणीला गेले आणि डुकरानं त्यांची मांडी फाडली. गड्यांनी बैलगाडीतून आणलं. जीव वाचला, पाय कायमचा आखडला.

मला कळलं तेव्हा मी काय केलं असेल? बंदूक सायकलला बांधली आणि नंदाखालला गेलो. नाना खाटेवर होते, कातरीन उशाशी. मी म्हटलं, "कालच पुरी झाली." नानांनी माझा हात धरला. "तुझा काय दोष? नशीब माझं." कातरीननं मला पेज दिली. मी ती प्यायलो. तिच्या घरी, तिच्या हातची.

वटारचं एक चांगलं स्थळ तिला आलं होतं. बापाला टाकून जाणार नाही म्हणून तिनं ते परतवलं. नाताळानंतर नानांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, "पोर मला सोडत नाय. तू इथं येऊन राहशील? वाडी आहे, तुझ्या हातात कसबही आहे." कातरीन आतल्या दाराशी उभी होती. आत गेली नाही, तिथेच उभी राहिली. तिनं सांगूनच हे बोलणं निघालं होतं, हे मला कळलं.

सगळं मनासारखं होत होतं, नाही का? आणि मला त्या खाटेवरचा पाय दिसत होता. रोज तो धुवायचा, रोज 'नशीब' हा शब्द ऐकायचा... किंवा एकदा खरं सांगायचं. दोन्हींची मला भीती वाटली. म्हटलं, "घरी विचारून येतो."

मी परत गेलो नाही. निरोपही दिला नाही. मुंबईला गिरणीत फिटर म्हणून लागलो, लग्न केलं, मुलं झाली. तरी शनिवारी दुपारी हातातलं काम थांबायचं. कुणीतरी छत्री मिटल्याचा आवाज आला असं वाटायचं, आणि मी मान वर करायचो.

पुष्कळ वर्षांनी निर्मळच्या जत्रेत ती समोर आली. नाना गेले होते. तिनं लग्न केलं नव्हतं. केस पिकलेले, सोबत नात्यातली एक भाची. भाचीला तिनं खेळण्यांच्या दुकानाशी थांबवलं आणि मला म्हणाली, "एक विचारू? तुम्ही आला नाहीत, ते माझ्यात काही कमी होतं म्हणून?"

इतकी वर्षं ती हे घेऊन जगली होती. मी तेव्हा तरी बोलायला हवं होतं. गर्दी होती, पण आमच्याकडे कुणाचंही लक्ष नव्हतं.

मी म्हटलं, "घरचे तयार नव्हते."

"अच्छा," ती म्हणाली आणि भाचीकडे गेली.

माझ्या घरच्यांना मी कधी विचारलंच नव्हतं. कातरीन गेल्या वर्षी वारली.